सत्तेचा अभ्यासक, सत्तेला नकोसा

राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात एक प्रश्न कधी ना कधी गाठतोच : मॉर्गेन्थाऊच्या राजकीय वास्तववादाची सहा तत्त्वं स्पष्ट करा. यूपीएससीला राज्यशास्त्र घेणाऱ्यांच्या वह्यांत ही तत्त्वं चौकट आखून, एकाखाली एक लिहिलेली असतात. पाठ करायला सोपी आणि हमखास मार्क देणारी. आंतरराष्ट्रीय राजकारण हा सत्तेचा झगडा आहे, हे त्यातलं सार परीक्षा झाल्यावरही लक्षात राहतं. त्यावरून या माणसाचं एक चित्रही मनात पक्कं होतं : बळी तो कान पिळी हेच जगाचं सूत्र मानणारा, नीतीच्या गप्पांना हसणारा, युद्धखात्याला हवाहवासा वाटेल असा प्राध्यापक.

प्रत्यक्षात १९६५ साली याच प्राध्यापकाला अमेरिकी सरकारने आपल्या सल्लागारांच्या यादीतून काढून टाकलं. कारण तो युद्धाला विरोध करत होता, आणि तोही शांततावादी म्हणून नव्हे. सत्तेच्या आणि राष्ट्रहिताच्या ज्या हिशेबावर त्याने आपलं सगळं शास्त्र उभं केलं होतं, तोच हिशेब मांडून तो सांगत होता, की व्हिएतनाममध्ये अमेरिका हरणार आहे.

हान्स मॉर्गेन्थाऊ यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९०४ रोजी जर्मनीतल्या कोबुर्ग या छोट्या शहरात, एका ज्यू डॉक्टरच्या घरी झाला. (दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे उद्योग मोडून टाकण्याची योजना मांडणारे अमेरिकी अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ ते वेगळे.) हान्स हा एकुलता एक मुलगा. वडील करडे, घरातलं वातावरण धाकाचं. बाहेरची हवा त्याहून वाईट होती. १९२९ साली नगरपालिकेत नाझी पक्षाला बहुमत देणारं कोबुर्ग हे जर्मनीतलं पहिलं शहर. पण त्याआधीच, १९२२ मध्ये, त्या मुलाला पुढचं सगळं दिसून गेलं होतं. शाळेच्या संस्थापक ड्यूकच्या पुतळ्याला पुष्पचक्र घालण्याचा मान तिथे वर्गातल्या पहिल्या विद्यार्थ्याला मिळे. त्या वर्षी पहिला आलेला विद्यार्थी ज्यू होता : खुद्द हान्स. तो समारंभात बोलत असताना त्या घराण्याचे माजी ड्यूक नाक दाबून बसले होते, अशी आठवण मॉर्गेन्थाऊ यांनी पुढे सांगितली.

त्यांना साहित्याची ओढ होती, पण वाट्याला आला कायदा. म्युनिकला शिकत असताना माक्स वेबर यांच्या राजकीय विचाराशी त्यांची ओळख झाली. पुढे फ्रँकफर्टला ते हुगो झिन्त्सहायमर यांच्या हाताखाली वकिली करू लागले. झिन्त्सहायमर हे जर्मन कामगार कायद्याचे मोठे जाणकार. तिथल्या कामगार न्यायालयांत तरुण मॉर्गेन्थाऊ यांना एक गोष्ट दिसली. निकाल कायद्याच्या कलमापेक्षा न्यायाधीश कुणाच्या बाजूचा आहे, यावर जास्त ठरत होते. आणि बरेचसे न्यायाधीश प्रजासत्ताकावर आणि कामगार संघटनांवर डूख धरून होते. उत्तम राज्यघटना कागदावर होती, पण तिच्यामागे ताकद उभी नव्हती. सत्तेच्या अभ्यासाचा पहिला धडा त्यांनी ग्रंथालयात नाही, कोर्टात गिरवला.

१९२९च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आंतरराष्ट्रीय न्यायदान आणि त्याच्या मर्यादा. देशादेशांतली काही भांडणं न्यायालयापुढे नेता येतात, पण काही ताण असे असतात की त्यांचा निवाडा कोर्ट करू शकत नाही, असं त्यांनी मांडलं. आपल्या शेजारचं उदाहरण घेतलं तर सिंधू नदीवरच्या एखाद्या धरणाचा तांत्रिक वाद तज्ज्ञाकडे किंवा लवादाकडे जाऊ शकतो. भारत-पाकिस्तानमधलं मूळ वैर मात्र कोणत्याही लवादाच्या निकालपत्राने मिटणारं नाही, कारण तिथे प्रश्न कलमाचा नसून कोणाचं बळ किती आणि कुठवर, हा आहे. पुढची पन्नास वर्षं मॉर्गेन्थाऊ याच मुद्द्याभोवती लिहीत राहिले.

हा प्रबंध कार्ल श्मिट यांनाही आवडला होता. राजकारण म्हणजे मित्र आणि शत्रू यांची विभागणी, असं सांगणारे हे नामवंत कायदेपंडित पुढे नाझी पक्षात गेले. मॉर्गेन्थाऊ त्यांना एकदाच भेटले. जिना उतरताना आपण जगातल्या सर्वांत दुष्ट माणसाला भेटून आलो असं वाटलं, असं त्यांनी उतारवयात लिहून ठेवलं आहे. सत्तेबद्दल बोलणारे दोघेही, पण एकाने सत्तेची पूजा बांधली आणि दुसऱ्याने तिची भीती कधी सोडली नाही. मॉर्गेन्थाऊ वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

१९३२ मध्ये ते जिनिव्हाला शिकवायला गेले. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला आणि परतीची वाट बंद झाली. जिनिव्हातही त्यांच्या पुढच्या प्रबंधाला अडथळे आले. अखेर नाझींनी जर्मनीतून घालवलेले थोर कायदेतज्ज्ञ हान्स केल्सन तिथे आले, त्यांनी अनुकूल अभिप्राय दिला आणि प्रबंध मान्य झाला. त्यानंतर १९३५ मध्ये माद्रिदला नोकरी मिळाली. इर्मा थोरमान यांच्याशी लग्न झालं, घर लागलं. आणि जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. नवरा-बायको तेव्हा सुटीसाठी देशाबाहेर होते. ते परत गेलेच नाहीत. घर, सामान, पुस्तकं सगळं मागे राहिलं. युरोपात वर्षभर वणवण करून १९३७ च्या उन्हाळ्यात दोघं न्यूयॉर्कला उतरले.

तेहतीस वर्षांच्या या डॉक्टरेटधारकाला अमेरिकेत कुणी ओळखत नव्हतं. आधी ब्रुकलिन कॉलेजात तात्पुरती शिकवणी, मग १९३९ पासून कॅन्सस सिटीच्या विद्यापीठात पडेल तो विषय शिकवणं. १९४३ मध्ये शिकागो विद्यापीठातले क्विन्सी राइट युद्धकाळातल्या सरकारी कामावर गेले आणि त्यांच्या जागी काही काळापुरता माणूस हवा होता. बदली म्हणून आलेले मॉर्गेन्थाऊ तिथे जवळपास तीन दशकं राहिले. जड जर्मन उच्चारातलं इंग्रजी आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता केलेले कोरडे विनोद ही त्यांची शिकागोतली ओळख झाली.

त्या वेळी आंतरराष्ट्रीय संबंध हा विषयच मुळात पाव शतक जुना होता. पहिल्या महायुद्धातल्या संहाराने हादरलेल्या डेव्हिड डेव्हिस या वेल्श उद्योगपतीने दिलेल्या देणगीतून १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ इथे या विषयाचं पहिलं अध्यासन सुरू झालं. नाव देण्यात आलं अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं. पुन्हा युद्ध होऊ नये यासाठी काय करावं, हा या विषयाच्या जन्मामागचा प्रश्न. राष्ट्रसंघ, आंतरराष्ट्रीय कायदा, जागतिक जनमत ही त्याची तेव्हाची उत्तरं. १९२८ मध्ये तर पॅरिस करारावर सह्या करून बड्या देशांनी युद्धच बेकायदा ठरवलं. अकरा वर्षांनी हिटलरचे रणगाडे पोलंडमध्ये शिरले.

उद्देश चांगला होता, मग फसलं कुठे? ब्रिटनमध्ये ई. एच. कार यांनी १९३९ सालीच या स्वप्नाळूपणावर टीकेची झोड उठवली होती, आणि तेही ॲबरिस्टविथच्या विल्सन अध्यासनावर बसून. अमेरिकेत ते काम मॉर्गेन्थाऊ यांनी केलं. १९४६ च्या त्यांच्या पहिल्या इंग्रजी पुस्तकाने बुद्धीच्या आणि विज्ञानाच्या जोरावर राजकारणातला संघर्ष संपवता येईल, हा समज खोडून काढला. आणि १९४८ मध्ये ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ आलं.

हे पाठ्यपुस्तक आहे, आणि पाठ्यपुस्तकाच्या वाट्याला क्वचित येणारं नशीब त्याला मिळालं. अमेरिका नुकतीच महासत्ता झाली होती, अणुबॉम्ब तिच्या हातात होता, बर्लिनची नाकेबंदी चालू होती आणि नवखे अधिकारी, पत्रकार, विद्यार्थी सगळ्यांनाच या नव्या जगाचा नकाशा हवा होता. मॉर्गेन्थाऊ यांनी तो एका जाड खंडात दिला : राष्ट्राचं बळ कशाकशाने बनतं, सत्तेचा तोल कसा साधतो आणि ढासळतो, कायदा आणि जनमत कुठवर पुरतात, मुत्सद्देगिरी म्हणजे काय. त्यांच्या हयातीत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. ती प्रसिद्ध सहा तत्त्वं पहिल्या आवृत्तीत नव्हतीच. टीकाकारांना उत्तर म्हणून त्यांनी १९५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती घातली.

भारतातही हा विषय नेमका त्याच सुमारास उभा राहत होता. दिल्लीतल्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सच्या पुढाकाराने १९५५ मध्ये सप्रू हाऊसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं. त्यामागच्या प्रमुख माणसांपैकी एक होते हृदयनाथ कुंझरू, गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे अनेक वर्षांचे अध्यक्ष. ही संस्था पुढे १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. नेहरूंच्या अलिप्ततावादाच्या त्या दिवसांत सत्तेचा तोल वगैरे भाषा आपल्याकडे जरा वर्ज्यच मानली जाई. १९६२ च्या चीन युद्धानंतर मात्र वर्गात वास्तववाद शिकवताना दूरचं उदाहरण शोधायची गरज उरली नाही.

विचार तसा आपल्या मातीला परका नव्हता. मनुष्यस्वभाव चीन, भारत आणि ग्रीस इथल्या प्राचीन विचारवंतांच्या काळापासून बदललेला नाही, असं मॉर्गेन्थाऊ यांनी सहा तत्त्वांतल्या पहिल्याच तत्त्वात म्हटलं आहे. त्यांच्यावर ज्यांचा प्रभाव होता त्या वेबर यांनी १९१९ च्या म्युनिकमधल्या व्याख्यानात कौटिल्याचं नाव घेतलं होतं. म्हैसूरला शामशास्त्रींनी शोधून काढलेलं अर्थशास्त्र तेव्हा छापून जेमतेम दहा वर्षं झाली होती. त्याची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असं तीन खंडांचं काम प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केलं. शेजारचा तो शत्रू आणि शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, हे कौटिल्याचं मंडल ज्याने वाचलं आहे त्याला मॉर्गेन्थाऊ वाचताना फारसं बिचकायला होत नाही.

आता त्या सहा तत्त्वांकडे. पहिल्या दोनांवर वर्गात सगळा वेळ जातो : राजकारणाचे नियम मनुष्यस्वभावात रुजलेले असतात, आणि राष्ट्रहित सत्तेच्या परिभाषेत समजून घ्यावं. तिसरं तत्त्व या हिताचा आशय स्थळकाळाप्रमाणे बदलतो असं सांगतं, सहावं राजकारणाला अर्थकारण, कायदा, नीती यांच्यापासून वेगळं क्षेत्र मानतं. मॉर्गेन्थाऊ यांचा खरा जीव मात्र चौथ्यात आणि पाचव्यात आहे, आणि परीक्षेच्या घाईत तीच दोन वगळली जातात.

चौथं तत्त्व म्हणतं, की नीती राजकारणात असतेच, पण राज्यकर्त्याला ती परिणामांवरून तोलावी लागते. एखादा माणूस तत्त्वासाठी स्वतःचा जीव देऊ शकतो. पंतप्रधानाला स्वतःच्या तत्त्वासाठी कोट्यवधी लोकांचा जीव पणाला लावण्याचा हक्क नाही. म्हणून राज्यकर्त्याचा सर्वांत मोठा सद्गुण म्हणजे विवेक, सारासार विचार. पाचवं तत्त्व त्याहून बोचरं आहे. आपल्या देशाला जे हवं तेच साऱ्या मानवजातीचं भलं, असं कोणत्याही देशाने मानू नये. देव आपल्या बाजूला आहे असं दोन्ही सैन्यांना वाटू लागलं की तडजोडीला जागा उरत नाही. आपण हिताने चालतो तसा समोरचाही त्याच्या हिताने चालतो, हे मान्य केलं तरच दोघांना एकमेकांच्या मर्यादा समजतात. सत्तेच्या या तत्त्वज्ञाला सत्तेपेक्षाही जास्त धास्ती होती ती पवित्र झालेल्या सत्तेची.

पुस्तकाच्या शेवटी त्यांनी मुत्सद्देगिरीचे नऊ नियम दिले आहेत. परराष्ट्र धोरणातून धर्मयुद्धाचा आवेश काढून टाकावा. उद्दिष्टं राष्ट्रहिताच्या आणि आपल्या ताकदीच्या मापात ठेवावीत. दुसऱ्या देशाच्या जागी उभं राहून पाहावं. जिथे जीवनमरणाचा प्रश्न नाही तिथे तडजोडीची तयारी ठेवावी. हे चार पायाभूत नियम. पुढचे पाच तडजोडीसाठी : निरुपयोगी हक्कांच्या सावलीमागे धावू नये, खरा लाभ पाहावा. जिथून मागे फिरलं तर नाक कापलं जाईल आणि पुढे गेलं तर जीव जाईल, अशा जागी जाऊन उभं राहू नये. आपले निर्णय दुबळ्या दोस्ताला घेऊ देऊ नयेत. सैन्य हे धोरणाचं हत्यार आहे, मालक नव्हे. आणि सरकारने जनमताला वाट दाखवावी, त्याची गुलामी करू नये.

१९४८ साली वर्गासाठी लिहिलेली ही यादी सतरा वर्षांनी अमेरिकेवरचं आरोपपत्र ठरली.

तोवर मॉर्गेन्थाऊ वॉशिंग्टनला अनोळखी राहिले नव्हते. सोव्हिएत संघाला आवर घालण्याचं धोरण ज्यांनी मांडलं त्या जॉर्ज केनन यांनी १९४९ मध्ये त्यांना परराष्ट्र खात्यात सल्ल्यासाठी बोलावलं होतं. पुढे संरक्षण खात्यालाही ते सल्ला देत. अमेरिकेत प्राध्यापक आणि सरकार यांच्यातलं दार दोन्ही बाजूंनी उघडतं. अध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी हार्वर्डचे डीन होते, त्यांच्यामागून आलेले वॉल्ट रोस्टो एमआयटीचे, पुढचे हेन्री किसिंजर हार्वर्डचे. भारतात परराष्ट्र धोरण बव्हंशी परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या हाती असतं आणि प्राध्यापक बाहेरून लिहीत राहतो. तिकडे तो आत जाऊ शकतो. मात्र आत गेल्यावर काय बोलायचं, हा प्रश्न त्याला पडतो.

मॉर्गेन्थाऊ १९५५ मध्ये दक्षिण व्हिएतनामला जाऊन आले होते, तिथले सत्ताधीश न्गो दिन्ह दिएम यांना भेटले होते. त्यांची मांडणी भावनेवर नव्हती. युरोपात सोव्हिएत फौजांना अडवणं जमलं, कारण तिथे समोर सैन्य होतं, मधे रेषा होती आणि मागे आपापली भूमी राखू पाहणारी राष्ट्रं होती. आशियात यातलं काहीच नव्हतं. तिथे चीनचा प्रभाव रणगाड्यांवर नव्हे, तर संस्कृतीवर, आकारावर आणि राजकीय वजनावर उभा होता. तो व्हिएतनामच्या जंगलात फौज उतरवून कसा रोखणार? शिवाय हो चि मिन्ह कम्युनिस्ट असले तरी आधी राष्ट्रवादी होते, आणि चीनच्या जोखडाविरुद्ध लढण्याचा व्हिएतनामी इतिहास हजारो वर्षांचा होता. युगोस्लाव्हियाचा टिटो कम्युनिस्ट राहूनही मॉस्कोपासून वेगळा झाला, तसा हनोईचा कम्युनिझम पेकिंगपासून वेगळा राहू शकेल. त्याला चीनच्या मिठीत ढकलण्याचं काम अमेरिकेचे बॉम्बच करतील.

मार्च १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली आणि अमेरिकी लढाऊ तुकड्या दा नांगला उतरल्या. त्याच महिन्यात मिशिगन विद्यापीठात प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी रात्रभर चर्चा करून ‘टीच-इन’ ही निषेधाची नवी रीत सुरू केली. एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात मॉर्गेन्थाऊ यांचा लेख आला. व्हिएतनामबद्दल आपण स्वतःलाच फसवत आहोत, हे त्याच्या मथळ्यातच होतं. १५ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये देशव्यापी टीच-इन ठरलं. बंडी सरकारची बाजू मांडणार होते, पण अध्यक्ष जॉन्सन यांनी ऐन वेळी त्यांना डॉमिनिकन रिपब्लिकला धाडलं आणि त्यांची खुर्ची रिकामी राहिली.

जुगलबंदी रंगली ती २१ जूनला, सीबीएस वाहिनीवर. साऱ्या देशासमोर एका बाजूला बंडी, दुसऱ्या बाजूला मॉर्गेन्थाऊ. बंडींच्या बाजूने बोलणाऱ्यांत कोलंबियाचे झ्बिग्निएव ब्रेझिन्स्की होते, जे पुढे अध्यक्ष कार्टर यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. बंडी तयारीनिशी आले होते. लाओस कम्युनिस्टांच्या हाती जाणार हे जवळपास ठरलेलंच आहे, असं मॉर्गेन्थाऊ यांनी काही वर्षांपूर्वी लिहिलं होतं. ती ओळ काढून बंडींनी ती वाचून दाखवली. लाओस काही पडला नव्हता. मॉर्गेन्थाऊ म्हणाले, लाओसबाबत मी चुकलो असेन, पण म्हणून व्हिएतनामबाबत चुकतो आहे असं कुठे ठरतं? उत्तर बिनतोड होतं. तरीही पडद्यावर बंडी सफाईदार दिसले आणि प्राध्यापक बचावावर गेले. वर्गात पाऊण तास घेऊन मुद्दा बांधणाऱ्या माणसाला टीव्हीची दोन मिनिटं अपुरी पडली. लाओस पडला, पण दहा वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये.

१९६५ मध्येच मॉर्गेन्थाऊ यांचं सल्लागारपद गेलं. सरकारी गोटातून त्यांच्या जुन्या लिखाणात विसंगती शोधण्याचे उद्योग झाले. शीतयुद्धातला पाश्चात्त्य बाजूचा अव्वल अभ्यासक म्हणून मिरवलेला माणूस रातोरात डाव्या विद्यार्थ्यांच्या पंगतीत जाऊन बसला, आणि दोन्हीकडच्यांना तो थोडा उपराच वाटत राहिला. हा अनुभव त्यांनी लेखांतून आणि १९७० च्या ‘ट्रुथ अँड पॉवर’ या संग्रहातून मांडला. सत्ता आणि सत्य यांच्यात मुळातच तेढ असते. सत्ताधाऱ्याला स्वतःबद्दलचे भ्रम लागतात, तर विद्वानाचं काम ते भ्रम उघडे पाडण्याचं असतं. पण त्यांचा राग सत्ताधाऱ्यांपेक्षाही विद्वानांवर जास्त होता. सरकारी संशोधन निधी, समित्या, निमंत्रणं यांच्या मोहात पडून गप्प बसणारे प्राध्यापक त्यांच्या लेखी आपला धर्म सोडणारे होते.

आकडे पुढे आपलं बोलत गेले. १९६५ अखेर व्हिएतनाममध्ये सुमारे १ लाख ८४ हजार अमेरिकी सैनिक होते. १९६९ च्या वसंतात ते ५ लाख ४० हजारांवर गेले. ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले, आणि व्हिएतनामी माणसं तर लाखोंनी. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडलं.

याचा अर्थ मॉर्गेन्थाऊ यांची विद्या निर्दोष होती असा नाही. सत्ता हा शब्द ते कधी साधन म्हणून वापरतात, कधी साध्य म्हणून, आणि राष्ट्रहित नक्की कोण ठरवणार हे सांगत नाहीत, अशी टीका त्यांच्या हयातीतच झाली. आकडेवारी आणि प्रतिमाने घेऊन आलेल्या नव्या पिढीला त्यांची शैली निबंधासारखी ढगळ वाटे. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये मनुष्यस्वभाव बाजूला ठेवून सगळा भर जगाच्या रचनेवर दिला. वर कुणी सरकार नाही, मग प्रत्येक देश स्वतःचं रक्षण स्वतः करणारच, मग राज्यकर्ता साधू असो की सैतान. १९८८ मध्ये ॲन टिकनर यांनी सहाही तत्त्वं एकेक करून स्त्रीवादी नजरेने पुन्हा लिहून दाखवली. ज्या मनुष्यस्वभावावर मॉर्गेन्थाऊ नियम बांधतात तो अर्ध्याच माणसांचा, म्हणजे पुरुषांचा आहे, आणि सत्तेत हुकमतीइतकंच सहकार्यही असतं, हा त्यांचा आक्षेप. मॉर्गेन्थाऊ आज वर्गात शिकवले जातात ते बहुधा या आक्षेपांसकट.

स्वतःच्या विचाराला त्यांनीही वळण दिलं. अणुबॉम्ब आला तेव्हा ते त्याकडे राज्यकर्त्याच्या हातातलं आणखी एक हत्यार म्हणून पाहत होते. साठच्या दशकात मात्र ते लिहू लागले, की ज्या युद्धात जिंकणारा आणि हरणारा दोघेही राख होतात त्याला साध्य-साधनाचा हिशेबच लागू होत नाही. अण्वस्त्रांच्या युगात स्वतंत्र राष्ट्र ही संस्थाच माणसाचं रक्षण करायला अपुरी पडते, इथपर्यंत ते आले. राष्ट्रहिताचा जगातला सर्वांत मोठा भाष्यकार राष्ट्राच्या पलीकडच्या व्यवस्थेची गरज बोलून दाखवत होता.

किसिंजर यांच्याशी त्यांचं नातं गुंतागुंतीचं होतं. दोघेही जर्मनीतून परागंदा झालेले बव्हेरियाकडचे ज्यू, दोघेही सत्तेच्या तोलाची भाषा बोलणारे. एक सत्तेच्या दालनात गेला आणि दुसरा बाहेरून त्याच्या व्हिएतनाम धोरणावर कोरडे ओढत राहिला. मैत्री तरीही तुटली नाही. शिकागोनंतर मॉर्गेन्थाऊ न्यूयॉर्कला सिटी कॉलेज आणि न्यू स्कूलमध्ये शिकवत राहिले, सोव्हिएत संघातल्या ज्यूंच्या हक्कांसाठी आवाज उठवत राहिले. फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. सायगाव पडून चार वर्षंही झाली नव्हती, आणि ज्यांची फळी रोखण्यासाठी अमेरिकेने रक्त सांडलं ते दोन कम्युनिस्ट देश एकमेकांच्या उरावर बसले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॉर्गेन्थाऊ ज्या स्विसएअर विमानात होते ते अथेन्सच्या धावपट्टीवरून घसरून पेटलं. १४ प्रवासी मेले, पंचाहत्तरीचे मॉर्गेन्थाऊ वाचले. ते विमान पुढे मुंबईमार्गे पेकिंगला जाणार होतं. १९ जुलै १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. किसिंजर कधी त्यांच्या वर्गात बसले नव्हते, तरी श्रद्धांजली वाहताना त्यांनी मॉर्गेन्थाऊ यांना आपले गुरू म्हटलं.

२६ सप्टेंबर २००२ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक जाहिरात झळकली. इराकशी युद्ध करणं अमेरिकेच्या राष्ट्रहिताचं नाही, असं सांगणाऱ्या त्या जाहिरातीखाली ३३ अभ्यासकांच्या सह्या होत्या. त्यांत वॉल्ट्झ होते, आणि मॉर्गेन्थाऊ यांच्याच शिकागो विद्यापीठात शिकवणारे जॉन मिअरशायमरही होते. इराक अमेरिकेला चिथावण्याचं धाडस करणार नाही आणि युद्ध जिंकल्यावर तिथून बाहेर पडण्याची सोपी वाट नाही, हे त्यांचे मुद्दे. तीन वर्षांनी मिअरशायमर यांनी मॉर्गेन्थाऊ या युद्धाबद्दल काय म्हणाले असते यावर लेख लिहिला. मॉर्गेन्थाऊ यांनी विरोधच केला असता, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण परक्या फौजेच्या छायेत लोकशाही रुजत नाही, राष्ट्रवाद रुजतो, हे मॉर्गेन्थाऊ यांना व्हिएतनाममध्ये कळून चुकलं होतं. अध्यक्ष बुश यांनी २० मार्च २००३ रोजी युद्ध सुरू केलं. अमेरिकी सैन्य डिसेंबर २०११ मध्ये इराकमधून बाहेर पडलं आणि २०१४ मध्ये त्याच्या काही तुकड्या पुन्हा तिथे पाठवाव्या लागल्या.